पाल पाळायची आहे? आधी जुन्नरच्या कातळावरची पाल आणि कायदा समजून घ्या

लेपर्ड गेको, बियर्डेड ड्रॅगन, इग्वाना. रील्समध्ये हे सगळे तळहातावर शांत बसलेले दिसतात आणि अनेकांना वाटतं, आपल्याकडेही एक असावा. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न सहज येतो. डोंगरात एवढ्या पाली आणि सरडे असताना विकत कशाला आणायचे?

पण याच डोंगरातल्या काही पाली साध्या नाहीत. नाणेघाटाजवळच्या घाटघर परिसरातून २००८ साली एका नव्या पालीची नोंद झाली. संशोधक वरद गिरी यांनी तिचं वर्णन केलं आणि अमेरिकन सरीसृपतज्ज्ञ आरोन बाउर यांच्यावरून तिला हेमिडॅक्टिलस आरोनबाउरी हे नाव मिळालं. ही कातळावर राहणारी मोठी पाल आहे. म्हणजे ज्या दगडांवर पावसाळ्यात पर्यटक फोटो काढतात, तिथली एक रहिवासी विज्ञानाला २००८ पर्यंत माहीतच नव्हती.

अशा पालींना धोका कुठून येतो? चीनमधली गोनियुरोसॉरस लुई ही पाल १९९९ मध्ये जगासमोर आली. शोधनिबंधात तिचा पत्ता होता. तो वाचून पकडणारे तिथे पोहोचले आणि मूळ जागेवरून ती जवळपास संपली. आज हेच काम लोकेशन टॅग केलेला फोटो करू शकतो. त्यामुळे दुर्मीळ पाल दिसली तर फोटो जरूर काढा, पण नेमकी जागा टाकू नका.

कायदा काय म्हणतो?

घोरपडीचं उत्तर सोपं आहे. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. पकडणं, पाळणं, विकणं सगळं गुन्हा. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. 'हत्था जोडी' नावाची मुळी म्हणून ऑनलाइन विकली जाणारी वस्तू अनेकदा घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, तेही याच गुन्ह्यात येतं.

टोके गेको ही पाल लाखो रुपयांना विकली जाते, तिच्यापासून एड्सचं औषध बनतं, असे व्हॉट्सॲप मेसेज अधूनमधून फिरतात. या औषधाला काहीही वैज्ञानिक आधार नाही. ही पाल ईशान्य भारतातली आहे आणि २०१९ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे.

बाकी रानटी पाली आणि सरड्यांबद्दल 'ही यादीत नसेल' अशी अटकळ बांधून पकडायला जाऊ नये. कोणती जात कोणती हे ओळखताना अभ्यासकही चुकतात. बाजारातला लेपर्ड गेको मूळ पाकिस्तान-अफगाणिस्तानकडचा, पण त्याचा जवळचा भाऊबंद महाराष्ट्रातही आढळतो. विक्रेता रानातून पकडलेला प्राणी 'ब्रीडिंगचा आहे' म्हणून खपवत असेल, तर मनात शंकेची पाल चुकचुकलीच पाहिजे.

परदेशी प्राण्यांचं वेगळं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतल्या जाती परिशिष्ट ४ मध्ये आल्या. इग्वाना आणि परदेशी शॅमेलिऑन त्यात आहेत. असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. प्राणी दुसऱ्याला दिला किंवा पिल्लं झाली, तरी कळवावं लागतं. विक्रेता कागद देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

आणि कागद असले तरी?

लेपर्ड गेको नीट ठेवला तर १५ ते २० वर्षं जगतो. दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेला प्राणी त्याचं कॉलेज, नोकरी, लग्न सगळं पाहू शकतो. इग्वाना तर शेपटीसकट दीड मीटरपर्यंत वाढतो, त्याला काचेची पेटी नाही, खोली लागते.

या प्राण्यांचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. लेपर्ड गेकोच्या पेटीत एक बाजू साधारण ३० अंश आणि दुसरी थंड लागते. बियर्डेड ड्रॅगनला ऊन खायची जागा ४० अंशांच्या आसपास, शिवाय यूव्हीबी दिवा. तो नसेल तर कॅल्शियम शरीरात मुरत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा आणि पाय वाकतात. डिसेंबरातल्या जुन्नरच्या रात्री आणि मध्येच गेलेली वीज लक्षात घ्या. थंड पडलेला प्राणी खाल्लेलं पचवू शकत नाही. गेकोला खायला जिवंत किडे लागतात, वरून कॅल्शियमची पावडर. सरीसृपांवर उपचार करणारा पशुवैद्य तालुक्याच्या गावात मिळेलच असं नाही, तो आधी शोधा, प्राणी नंतर.

पाली विषारी असतात हा समज मात्र सोडून द्या. भारतातल्या कुठल्याही पालीच्या विषाने माणूस मरत नाही. खरी काळजी साल्मोनेला जिवाणूंची. सरीसृप निरोगी दिसत असले तरी ते त्यांच्या विष्ठेत असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि घरात ५ वर्षांखालचं मूल असेल तर असा प्राणी आणूच नका.

कंटाळा आला म्हणून परदेशी सरडा माणिकडोहच्या काठावर किंवा भीमाशंकरच्या जंगलात सोडणं हा पर्याय नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मोकळे सुटलेले इग्वाना आज तिथली मोठी डोकेदुखी आहेत. जखमी घोरपड दिसली किंवा कुणी विकताना आढळलं, तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.