चाकुलिया: एका गॅलनचा हिशोब

नागपूरमार्गे हावड्याला जाणारी गाडी टाटानगर, घाटशिला मागे टाकते आणि बंगालची हद्द लागण्याच्या थोडं आधी चाकुलिया नावाचं स्टेशन येतं. झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातलं हे छोटं गाव. गाडीतून विशेष काही दिसत नाही. पण मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडलात, तर गावाजवळ सरळसोट आखलेली एक लांब पट्टी दिसेल. ती जुनी धावपट्टी आहे. अमेरिकेच्या बी-२९ ताफ्यातलं पहिलं विमान भारतातल्या आपल्या तळावर पोचलं, ते २ एप्रिल १९४४ रोजी, इथेच.

बी-२९ हे त्या काळातलं सगळ्यात आधुनिक बॉम्बफेकी विमान. पंखांचा विस्तार १४१ फूट, चार इंजिनं, पूर्ण भरल्यावर वजन साठ टनांच्या घरात. असलं यंत्र या आडगावात आलं कशाला? उत्तर भूगोलात आहे. अमेरिकेला जपानवर बॉम्ब टाकायचे होते, पण पॅसिफिकमधली जवळची बेटं अजून जपानच्याच ताब्यात होती. चीनमधल्या चेंगडूहून दक्षिण जपान टप्प्यात येत होता. मात्र ब्रह्मदेश जपानने घेतल्यामुळे चीनला जाणारा जमिनीवरचा रस्ता बंद होता. म्हणून मुख्य तळ भारतात आणि पुढचा तळ चेंगडूला, अशी योजना ठरली. तिचं नाव ‘मॅटरहॉर्न’. खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी इथल्या धावपट्ट्या त्यासाठी निवडल्या गेल्या. सहा हजार फुटांच्या पट्ट्या साडेसात हजार फुटांपर्यंत वाढवायच्या होत्या. अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर तुकड्या आल्या आणि त्यांच्यासोबत हजारो स्थानिक मजूर कामाला लागले.

योजनेची खरी गोम पेट्रोलमध्ये होती. चेंगडूला लागणारं पेट्रोल, बॉम्ब, सुटे भाग, सगळं हिमालयाच्या रांगांवरून हवेतूनच न्यायचं. अंतर सुमारे १९०० किलोमीटर. म्हणजे बॉम्बफेकी विमानाने आधी टँकर व्हायचं, पलीकडे पेट्रोल उतरवायचं आणि परत यायचं. जपानवर एकदा जाण्यासाठी एका विमानाला अशा साधारण सहा खेपा कराव्या लागत. एक गॅलन पोचवायला वाटेत कित्येक गॅलन जळत. कुठल्याही इंजिनिअरने हे गणित कागदावर मांडलं असतं, तर पहिल्याच ओळीला त्याचा हात थांबला असता.

त्यात इथला उन्हाळा. बी-२९ची इंजिनं मुळातच तापट; भारतात येता येता कराचीजवळ अपघात झाले आणि ताफा काही दिवस रोखावा लागला. चाकुलियाच्या मे महिन्यात विमानाचा पत्रा इतका तापे की दुपारी त्याला हात लावणं अशक्य. मेकॅनिक पहाटे आणि रात्री काम करत.

५ जून १९४४ रोजी या तळांवरून ९८ विमानं बँकॉकच्या रेल्वे कारखान्यांवर निघाली. बी-२९ची ही पहिली युद्धमोहीम. दहा दिवसांनी चेंगडूहून उडून त्यांनी जपानमधल्या यावाताच्या पोलाद कारखान्यावर हल्ला केला. बातमी जगभर गाजली, कारखान्याचं नुकसान मात्र किरकोळ झालं. पुढे मारियाना बेटं अमेरिकेच्या हाती आली. तिथे पेट्रोल थेट जहाजाने पोचवता येत होतं. जानेवारी १९४५ मध्ये चेंगडूहून होणारे हल्ले थांबले आणि वसंतात चाकुलियाचा ताफा तिनियन बेटाकडे रवाना झाला. जेमतेम एका वर्षात सगळा खेळ आटोपला.

आता याच काळाचं दुसरं पान. चाकुलियाला लागूनच मेदिनीपूर जिल्हा. ऑक्टोबर १९४२ मध्ये तिथे भयंकर चक्रीवादळ आलं आणि १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ. मृतांचे अंदाज वीस ते तीस लाखांपर्यंत जातात. धावपट्ट्या लांबवण्याचं काम सुरू झालं, ते या दुष्काळाच्या पाठोपाठ. दुष्काळाची कारणं अनेक होती आणि त्याचं खापर या धावपट्टीवर फोडता येणार नाही. पण याच मुलखात रेल्वेने यंत्रं येत होती, बजबजहून नळाने पेट्रोल येत होतं. युद्धाने ज्याला निकडीचं मानलं, ते पोचत होतं. भाताची गणना त्यात झाली नाही.

१९७१ मध्ये चाकुलिया पुन्हा जागं झालं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या मुक्तिवाहिनीच्या तरुणांना इथे लष्करी प्रशिक्षण दिलं गेलं. बांगलादेशच्या आठवणींत हे गाव आहे, अमेरिकी वैमानिकांच्या आठवणींतही आहे. आपल्याकडे ते फक्त वेळापत्रकात सापडतं.

‘मॅटरहॉर्न’च्या कागदपत्रांत कुठलं विमान कधी उडालं, किती पेट्रोल जळलं, याच्या काटेकोर नोंदी आहेत. खडी वाहणारे मजूर त्यात येतात ते एकगठ्ठा आकडा म्हणून. विमानं गेली, त्यांनी अंथरलेली पट्टी तेवढी अजून नकाशात दिसते.