बोटीचं डिझेल इंजिन कधी सुरू होतं, कधी नाही? बिघाड असा शोधा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. १ ऑगस्टपासून बोटी पुन्हा समुद्रात जातात आणि दोन महिने उभं राहिलेलं इंजिन नखरे करायला लागतं. सकाळी एका चावीत सुरू, दुपारी नुसतं ‘टक्’, आणि मेकॅनिक बोटीवर आला की पुन्हा एका चावीत सुरू! मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, नंतर स्टार्टर बदलला जातो. पैसे जातात, बिघाड तिथेच राहतो.

रस्त्यात गाडी बंद पडली तर धक्का मारता येतो. समुद्रात इंजिन सुरू झालं नाही, तर वारा आणि पाण्याची ओढ बोटीला खडकाकडे नेऊ शकते. त्यामुळे ‘कधी कधी होतं, चालतंय’ म्हणून हा बिघाड सोडून देऊ नका. घरची बोट असेल, तर एक साधा मल्टिमीटर आणि हातातला मोबाईल एवढ्यावर तुम्ही बरंच काही शोधू शकता.

आधी हे समजून घ्या

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यासाठी स्टार्टरने (आपल्याकडे ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात) इंजिन जोरात फिरवावं लागतं. हळू फिरलं तर दाबलेली हवा तापायच्या आतच थंड होते. म्हणून ‘सेल्फ फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हे गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे करंट. सेल्फ शेकडो अँपिअर करंट ओढतो. समजा ३०० अँपिअर ओढले आणि वाटेतल्या एका गंजलेल्या जोडाचा रेझिस्टन्स फक्त ०.०१ ओहम असला, तरी ३ व्होल्ट तिथेच वाया जातात. १२ मधले ३ गेले, तर सेल्फकडे राहिलं काय? मोबाईलची खराब चार्जिंग केबल आठवा. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण फोन चार्ज होत नाही. इथेही तसंच होतं. आणि खाऱ्या हवेत असे जोड पटकन खराब होतात.

पायरी १: कान द्या

चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं, यावरून अर्धं काम होतं.

- काहीच आवाज नाही: चावी, फ्यूज, न्यूट्रल स्विच किंवा चावीपासून सेल्फपर्यंतची बारीक वायर.
- एकच ‘टक्’: सोलेनॉइड ओढला गेला, पण सेल्फ फिरला नाही. जाड केबलचे जोड, सोलेनॉइडचे आतले पॉइंट, सेल्फचे कार्बन ब्रश किंवा उतरलेली बॅटरी.
- टक-टक-टक-टक: बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.
- हळू, ओढत फिरतो: बॅटरी, जाड केबल, अर्थिंग.
- जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही: इलेक्ट्रिकचा बिघाड जवळपास नाही. डिझेलकडे बघा.

पायरी २: मल्टिमीटर लावा

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा (२४ व्होल्टच्या बोटीत बॅटरीचे आकडे दुप्पट धरा). अँपिअरवर ठेवून बॅटरीला कधीही लावू नका, मीटर जळेल. मोजताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून ‘स्टॉप’ ओढून धरा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि एकाने चावी फिरवावी, एकाने मीटर बघावा.

१. बॅटरी, काही तास विश्रांतीनंतर: १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

२. बॅटरी, चावी फिरवताना: १० च्या बराच खाली गेली, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम होतोय. पण ‘टक्’ झालं आणि बॅटरी १२.५ वरच राहिली, तर करंट पुढे जातच नाहीये. इथे नवी बॅटरी आणून काही होणार नाही. जोड, सोलेनॉइड किंवा ब्रश तपासा.

३. प्लसची वाट: लाल टोक बॅटरीच्या प्लस खांबावर (क्लॅम्पवर नाही), काळं टोक सेल्फवर जिथे बॅटरीची जाड केबल येते त्या बोल्टवर. चावी फिरवताना ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर मधला एखादा जोड किंवा बॅटरीचा मेन स्विच खराब.

४. मायनसची वाट: लाल टोक सेल्फच्या बॉडीवर, काळं बॅटरीच्या मायनस खांबावर. इथेही ०.५ च्या आत हवं. अर्थिंगकडे लोक सगळ्यात कमी बघतात.

५. चावीची वाट: सोलेनॉइडच्या बारीक वायरवर लाल, सेल्फच्या बॉडीवर काळं. चावी फिरवताना बॅटरीवर ११.५ आणि इथे फक्त ८ दिसत असतील, तर दोष चावी, प्लग किंवा त्या लांब वायरमध्ये आहे.

पाचवा आकडा विसरू नका. केबिनमधून इंजिनपर्यंतची वायर लांब असते, मध्ये प्लग आणि फ्यूज असतात. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं कमी होतं आणि सोलेनॉइड कधी ओढला जातो, कधी नाही. आधी प्लग आणि फ्यूजचे जोड साफ करा. तरीही फरक पडला नाही, तर सेल्फजवळ एक रिले बसवून घ्या. मग चावीच्या वायरला फक्त रिलेपुरता थोडा करंट न्यावा लागतो.

जोड खराब सापडला तर मेन स्विच बंद करा, मायनस आधी काढा, पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. केबलचं टोक सोलल्यावर आतलं तांबं काळं किंवा हिरवं निघालं, तर घासत बसू नका, केबल बदला.

पायरी ३: सेल्फ जोरात फिरतो, पण पेट घेत नाही

सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचतंय पण जळत नाहीये. धूरच नसेल, तर डिझेल पोहोचत नाही.

सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो आणि नंतर दिवसभर एका चावीत सुरू होतं? मग रात्रीतून डिझेल परत टाकीकडे उतरतंय अशी शंका घ्या. टाकी ते फीड पंप या भागात गळती असली, तरी डिझेल बाहेर गळेलच असं नाही. उलट हवा आत ओढली जाते. म्हणून पाइप कोरडा दिसतो आणि सगळे फसतात. खात्री करायची असेल, तर स्वच्छ कॅनमधून छोट्या पाइपने थेट फीड पंपाला डिझेल द्या आणि एअर काढा. दोन-तीन दिवस सकाळी नीट सुरू झालं, तर दोष टाकी, पाइप किंवा पहिल्या फिल्टरच्या वॉशरमध्ये आहे.

फिल्टरखालच्या वाटीतलं पाणीही काढा. स्टॉप सोलेनॉइड असेल तर तो अडकत नाही ना, बघा. नव्या कॉमन-रेल इंजिनाच्या हाय-प्रेशर पाइपला मात्र हात लावू नका. तिथला दाब जीवघेणा असतो.

मोबाईल इथे कामाला येतो

बिघाड हजर नसताना सगळे आकडे बरोबरच येतात. म्हणून तो हजर असताना पकडायचा. मीटर लावून ठेवा आणि चावी फिरवताना आकडा व आवाज दोन्ही येतील असा व्हिडिओ काढा. आकडा क्षणभरच खाली जातो. नंतर व्हिडिओ थांबवून वाचता येतो.

प्रत्येक वेळी नोट्समध्ये लिहा: तारीख, वेळ, इंजिन थंड की गरम, आवाज कसा, व्होल्ट किती. पाच-सहा नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. फक्त गरम असताना त्रास होत असेल, तर सेल्फ, सोलेनॉइड आणि त्यांची वायर. फक्त पहाटे होत असेल, तर डिझेल किंवा बॅटरी. वायर काढण्याआधी फोटो काढा. हे सगळं मेकॅनिकला पाठवलं, तर तोही अंदाजाने पार्ट बदलणार नाही.

या चुका टाळा

- सलग १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये एक-दोन मिनिटं थांबा.
- ज्या बोटीत समुद्राचं पाणी सायलेन्सरमध्ये सोडलेलं असतं, तिथे इंजिन सुरू न होता सेल्फ मारत राहिलं तर ते पाणी मागे इंजिनात शिरू शकतं. वारंवार सेल्फ मारायचा असेल तर पाण्याचा कॉक बंद करा आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर उघडा.
- सेल्फ ‘धप्’ करून मध्येच अडकला, तर जबरदस्ती नको. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं.
- चालू इंजिनावर बॅटरीचा मेन स्विच बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.
- बॅटरीतून हायड्रोजन निघतो. काम करताना हवा खेळती ठेवा, विडी-सिगारेट लांब, अंगठी आणि कडं काढून ठेवा.
- सेल्फला हलकं ठोकल्यावर इंजिन सुरू झालं, तर खूश होऊ नका. ब्रश किंवा पॉइंट झिजल्याची ती खूण आहे. बंदरात परतल्यावर सेल्फ उघडून घ्या.

समुद्रातच बंद पडलं तर?

आधी नांगर टाका, मग इंजिनाकडे वळा. किनारा जवळ येत असेल तर वाट बघू नका. व्हीएचएफ चॅनल १६ वर हाक द्या. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावा आणि फोनमधलं लोकेशन वाचून सांगा. हा नंबर आजच सेव्ह करून ठेवा.