स्कोअर काय झाला? एका चॅनलची गोष्ट

मॅचच्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका हमखास उगवतात. हातात फोन, फोनमध्ये स्कोअर दाखवणारी चार अ‍ॅप, समोर टीव्ही चालू. तरी विचारणार, "स्कोअर काय झाला?" आधी वैताग यायचा. मग लक्षात आलं की काकांना स्कोअर माहीत असतो, त्यांना बोलायला कुणीतरी हवं असतं. पानाच्या टपरीवर खडूने स्कोअर लिहायचे आणि बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री रेडिओवर लागायची, तेव्हाही लोक टपरीपाशी तासन् तास उभे राहायचे. एक आकडा वाचायला किती वेळ लागतो हो?

तर मंडळी, आजची गोष्ट अशाच एका टपरीची. ती अमेरिकेत उघडली, तीही कॉम्प्युटरवर.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाच्या तरुणाने 'इंटरनेट रिले चॅट' ही सोय लिहिली. लोक त्याला आयआरसी म्हणत. जगभरच्या विद्यापीठांतले सर्व्हर एकमेकांना जोडलेले असायचे. तुम्ही काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, ती त्याच क्षणी चॅनलमधल्या सगळ्यांना दिसायची. चॅनलचं नाव हॅशच्या चिन्हाने सुरू व्हायचं. फोटो नाही, जाहिरात नाही, खरं नावसुद्धा नाही. सर्व्हरवर काही साठवलं जायचं नाही. तुम्ही उठून गेलात की नंतरचं बोलणं तुमच्यासाठी झालंच नाही. दोन सर्व्हरमधली लाइन तुटली की चॅनलमधली निम्मी माणसं एका झटक्यात गायब व्हायची. त्याला 'नेटस्प्लिट' म्हणत. शेवटच्या ओव्हरला असं झालं तर काय होत असेल, विचार करा.

या आयआरसीवर क्रिकेटचं चॅनल झालं. अमेरिकेत शिकायला गेलेले भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन आणि काही इंग्रज, ऑस्ट्रेलियन तिथे जमायचे. अमेरिकेच्या टीव्हीवर क्रिकेट नाही, पेपरात ओळ नाही, भारतात फोन लावायचा तर मिनिटाला खिसा रिकामा. आपल्याकडे साडेनऊला टेस्ट सुरू होते तेव्हा मिनेसोटात हिवाळ्यात आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. म्हणजे विद्यापीठाच्या लॅबमध्ये रात्रभर बसायचं, आणि कुठेतरी टीव्ही किंवा रेडिओसमोर बसलेला एखादा भला माणूस एकेक बॉल टाइप करणार, तो बाकीच्यांनी वाचायचा. पैसे कुणी कुणाला देत नव्हतं.

अडचण एकच. दर दोन मिनिटांनी नवा माणूस आत यायचा आणि विचारायचा, "स्कोअर काय झाला?" (आमचे काका सगळीकडे आहेत.) सांगणारा सांगून सांगून थकायचा, गप्पांचा विचका व्हायचा. मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग नावाचे ब्रिटिश संशोधक होते. त्यांनी १९९३ च्या मार्चमध्ये त्यावर उपाय काढला: चॅनलमध्ये बसून राहणारा एक प्रोग्रॅम, म्हणजे बॉट. त्याला विचारा, तो स्कोअर सांगेल. माणसांनी आपल्या गप्पा माराव्यात. त्या बॉटचं नाव 'क्रिकइन्फो'.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. स्वयंसेवकांनी जुनी स्कोअरकार्डं हाताने टाइप करून त्यात भरली. चेन्नईचे बद्री शेषाद्री, विशाल मिश्रा अशी विद्यार्थी मंडळी त्यात पडली. २००० साली, डॉट कॉमच्या फुग्यात, सत्यम इन्फोवेने पाव हिस्सा ३.७५ कोटी डॉलरला घेतला. त्याच वर्षीच्या न्यूझीलंडमधल्या महिला वर्ल्ड कपला चक्क क्रिकइन्फोचं नाव होतं. फुगा फुटला, २००३ मध्ये विस्डेनने घेतलं, २००७ मध्ये ईएसपीएनने.

मला यात पैशापेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. चॅनल एकाच्याही मालकीचं नव्हतं. मालकीचा प्रश्न आपल्याकडे मात्र त्याच वर्षी उभा राहिला होता. नोव्हेंबर १९९३, हीरो कप. ईडन गार्डन्सच्या सेमीफायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये दक्षिण आफ्रिकेला सहा हवे होते, सचिनने बॉल हातात घेतला आणि आपण दोन रनांनी जिंकलो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या स्पर्धेचं प्रक्षेपण कोणी करायचं यावर बंगालची क्रिकेट असोसिएशन आणि सरकार कोर्टात भांडत होते, हे कमी जणांना आठवतं. असोसिएशनने हक्क परदेशी कंपनीला विकले होते, दूरदर्शनला ते मान्य नव्हतं. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. त्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते आणि मुख्य निकालपत्र त्यांचंच. एका क्रिकेट स्पर्धेच्या भांडणातून खासगी वाहिन्यांचा रस्ता मोकळा झाला. मग त्या वाहिन्यांनी क्रिकेटच विकत घेतलं, ही पुढची गंमत.

आणि २०१३ मध्ये प्रश्न थेट काकांपर्यंत आला. बोर्डाकडून हक्क घेतलेल्या स्टार इंडियाचं म्हणणं असं की एसएमएसवर बॉल-बाय-बॉल स्कोअर विकणंही आमच्या परवानगीशिवाय चालणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी इतरांना पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. पंधरा मिनिटं! तेवढ्यात टी-ट्वेंटीत तीन-चार ओव्हर होतात. त्याच वर्षी खंडपीठाने तो आदेश रद्द केला; घडलेली गोष्ट ही माहिती आहे, ती कुणाची मालमत्ता होत नाही, अशी भूमिका घेतली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. अमेरिकेत १९९७ मध्येच मोटोरोलाच्या पेजरविरुद्धच्या खटल्यात बास्केटबॉलची एनबीए याच मुद्द्यावर हरली होती.

म्हणजे स्कोअर वाचला. गप्पांचं काय? २०१९ च्या आयपीएलला हॉटस्टारने सामना बघता बघता मित्रांना बोलावून बोलायची सोय आणली. वाईट नव्हती. पण चॅनलचं दार आता तिकीटवाल्याच्या हातात. कोण कधी आलं, कोणत्या बॉलला किती इमोजी टाकले, सगळं नोंदलं जातं. नंतर पैसे लावायच्या खेळांनी याच गप्पांत शिरकाव केला. आमच्याच ग्रुपवर मॅचआधी 'आजची टीम' म्हणून लिंका यायच्या आणि एका कॉलेजच्या पोराने फीचे पैसे त्यात घालवले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम ११ गेलं. लिंका थांबल्या का? निम्म्या थांबल्या. उरलेल्या आता दुसऱ्या नावाने येतात, आणि ग्रुपचे अ‍ॅडमिन म्हणून आम्ही त्या हाताने उडवतो.

परवा मुलाने विचारलं, काकांच्या प्रश्नाला उत्तर देणारा बॉट ग्रुपवर बसवू का? मी नको म्हटलं. काकांना मीच सांगतो, १४२ ला ४, अजून सहा ओव्हर आहेत.