थप्पड, सुरी आणि चर्मपत्र

जेरुसलेमच्या यात्रेला निघण्याच्या सुमारास नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने प्रेओच्या नव्या मठाला तुतँव्हिलची जहागीर दान दिली. मठ उभारणारा सरदार होता हम्फ्री. ड्यूकचा लहानगा मुलगा विल्यम याने स्वतःच्या हाताने ते दान वेदीवर ठेवले. त्यानंतर हम्फ्रीने तिथल्या काही मुलांना थपडा लगावल्या. त्यांत त्याचा स्वतःचा मुलगाही होता. रिचर्ड नावाच्या मुलाने विचारले, इतक्या जोरात का मारलेत? हम्फ्री म्हणाला, तू माझ्याहून लहान आहेस, पुष्कळ जगशील आणि वेळ पडली तर या दानाची साक्ष देशील. भिक्षूंनी हे सगळे मठाच्या दप्तरात नोंदवून ठेवले.

त्या काळी दान आधी घडायचे, लेख मागाहून व्हायचा. तो बहुधा दान घेणारे भिक्षूच लिहीत. 1069 मध्ये इंग्लंडमधली जमीन रूआँच्या एका मठाला देताना विल्यमने खूण म्हणून सुरी वापरली. ती मठाधिपतीच्या तळहातात खुपसण्याचा आव आणून तो म्हणाला, जमीन अशी द्यावी! हा विल्यम म्हणजे वेदीवर दान ठेवणारा तोच मुलगा. आता तो इंग्लंडचा राजा होता.

मधली वर्षे भयंकर गेली. 1035 मध्ये रॉबर्ट परतीच्या वाटेवर निकेआत वारला, तेव्हा विल्यम जेमतेम सात-आठ वर्षांचा होता. त्याचे पालक एकामागून एक मारले गेले आणि सरदारांनी एकमेकांच्या जमिनींवर तुटून पडायला सुरुवात केली. तोझ्नीच्या रॉजरने हम्फ्रीच्या मुलखावर चाल केली. हम्फ्रीचा मुलगा बोमाँचा रॉजर याच्या हातून हा हल्लेखोर मारला गेला. अशा दिवसांत मठाची जमीन राखायची, तर जिवंत माणसाची आठवण हाच मोठा आधार.

नॉर्मन सत्तेची खरी उतरंड या दानपत्रांच्या तळाशी सापडते. इतिवृत्तकार लढाया रंगवतात. ड्यूकजवळ कोण उभे होते, हे साक्षीदारांची नावे आणि त्यांपुढचे क्रूस सांगतात. बोमाँचे घराणे तिथे वारंवार दिसते. 1066 च्या इंग्लंडवरील स्वारीत बोमाँचा रॉजर नॉर्मंडीत विल्यमची पत्नी माटिल्डा हिच्या मदतीला राहिला, त्याचा मुलगा रॉबर्ट हेस्टिंग्जला लढला आणि पुढे लेस्टरचा अर्ल झाला. याउलट नॉर्मन सत्तेचा मूळपुरुष रोलो याला 911 मध्ये मिळालेल्या भूमीचा करार आज कुठेच नाही. तिचा उल्लेख येतो तो फ्रँक राजा शार्ल याच्या 918 च्या दानपत्रात, तोही ओघात.

इतिहास-संशोधक मारी फोरू यांनी 1961 मध्ये 911 ते 1066 या काळातले ड्यूकांचे 234 लेख एकत्र छापले. हे काम किती मोलाचे, ते 6 जून 1944 आठवले की कळते. त्या दिवशी नॉर्मंडीतल्या सँ-लो शहरावर बॉम्ब पडले आणि तिथल्या दप्तरखान्यातली माँ-सँ-मिशेलच्या मठाची मूळ दानपत्रे जळून गेली. प्रेओच्या मठाची तेराव्या शतकातली नोंदवही मात्र एव्हरोच्या दप्तरखान्यात आजही आहे.