डीएनए टेस्टमधले ‘टक्के’ नेमके कशाचे असतात? पूर्वजांचा शोध स्टोरीवर टाकण्याआधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर असा एखादा व्हिडिओ तुमच्यासमोर आला असेलच. एक मुलगी मोबाइलकडे बघत श्वास रोखून बसलेली असते, मग स्क्रीनवर रंगीत नकाशा उघडतो आणि ती ओरडते, “मी १२ टक्के स्कॅन्डिनेव्हियन आहे!” खाली कॉमेंटमध्ये लोक आपापले टक्के सांगायला लागतात. अमेरिका-कॅनडातल्या आपल्या नातेवाइकांमुळे हे लोण आता मराठी घरांतही आलंय. नाताळच्या सेलमध्ये किट स्वस्त मिळतं, नळीत थुंकी भरून पाठवली की काही आठवड्यांत निकाल हातात. मग फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट येतो आणि एखादे काका म्हणतात, “बघा, मी म्हणत नव्हतो, आपण मूळचे बाहेरचेच!”

काकांना थोडं थांबवायला हवं. कारण तो टक्का पूर्वजांची मोजदाद करून काढलेला नसतो.

टक्का येतो कुठून?

आपल्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. अशी टेस्ट ती सगळी वाचत नाही. माणसामाणसांत जिथे फरक पडतो अशी साधारण सहा-सात लाख ठिकाणं ती तपासते. मग तुमचा नमुना कंपनीकडे असलेल्या ‘संदर्भ गटां’शी ताडून पाहिला जातो. हे गट म्हणजे आज हयात असलेली माणसं, ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच भागात जन्मले असं त्यांनी सांगितलेलं असतं. तुमच्या डीएनएचा एखादा तुकडा ज्या गटाशी सर्वांत जास्त जुळतो, त्या गटाच्या खात्यात तो जमा होतो.

म्हणजे ‘१२ टक्के स्कॅन्डिनेव्हियन’ याचा अर्थ एवढाच, की या कंपनीकडच्या नमुन्यांमध्ये तुमचे इतके तुकडे आजच्या स्कॅन्डिनेव्हियातल्या लोकांशी जास्त जुळले. तुमचा कुणी पूर्वज जहाजातून तिथून निघाला होता, असं त्यातून सिद्ध होत नाही. कंपनीने नमुने वाढवले किंवा गणिताची पद्धत बदलली की टक्के बदलतात. मागच्या वर्षी ज्यांनी ‘मी ८ टक्के इटालियन’ म्हणून पास्ता पार्टी दिली, त्यांचा इटली यंदाच्या अपडेटमध्ये गायबही होऊ शकतो. थुंकी तीच असते, माणूसही तोच.

२०१९ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने याची गमतीशीर परीक्षा घेतली. कार्यक्रमाच्या निवेदिकेने आणि तिच्या जुळ्या बहिणीने पाच कंपन्यांकडे नमुने पाठवले. दोघींचा डीएनए जवळजवळ हुबेहूब सारखा. तरी पाच कंपन्यांचे पाच वेगळे नकाशे आले. एका कंपनीला मध्यपूर्व दिसला, तो इतरांना दिसला नाही. इतकंच काय, एकाच कंपनीच्या निकालातही दोघी बहिणींच्या टक्क्यांत फरक निघाला.

१०२४ पूर्वज, पण डीएनए निम्म्यांचाच

आता दुसरी गंमत. निम्मा डीएनए आईकडून, निम्मा वडिलांकडून, हे आपण शाळेत शिकलो. पण म्हणून प्रत्येक आजी-आजोबांकडून बरोबर २५ टक्के येतो असं नाही. वडिलांच्या आईकडून २९ आणि वडिलांच्या वडिलांकडून २१ टक्के, असंही होतं. पत्ते पिसल्यासारखं ते प्रत्येक पिढीत नव्याने पिसलं जातं. म्हणूनच सख्ख्या भावाबहिणींचे टक्के वेगळे येतात आणि त्यावरून घरात उगाच शंकाकुशंका काढायचं कारण नाही.

दहा पिढ्या मागे गेलात तर कागदावर तुमचे १०२४ पूर्वज होतात. काळ साधारण थोरल्या बाजीरावांचा. त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांकडून तुमच्यापर्यंत डीएनएचा एकही तुकडा आलेला नसतो. ते तुमचे खरेखुरे पूर्वज असतात, पण टेस्टला दिसत नाहीत. टेस्टमध्ये काही न दिसणं म्हणजे ते नव्हतंच, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

आपल्याकडे तर हा १०२४ चा आकडाही खरा नसतो. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातल्या कित्येक समाजांत रीतच होती. अशा जोडप्याच्या मुलांना आठऐवजी सहाच पणजी-पणजोबा असतात. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरीक झाल्यावर तीच माणसं वंशवृक्षात पुन्हापुन्हा येतात. परिणामी भारतीय वापरकर्त्याला कंपनी एखाद्या अनोळखी माणसाला ‘जवळचा चुलत’ म्हणून दाखवते, पण प्रत्यक्षात ते पाच-सहा बाजूंनी दूरचे नातेवाईक असतात.

‘वडिलांची शाखा’ आणि ‘आईची शाखा’ म्हणून जे गट सांगतात, त्यांचा तर सोशल मीडियावर सर्वाधिक बाजार मांडला जातो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून मुलांकडे. त्या १०२४ जणांपैकी वाय एकाचंच सांगतं, मायटोकॉन्ड्रिया एकीचं. उरलेले १०२२ गप्प. ‘आर-वन-ए’ हा वायचा गट मिळाला की काही जण लगेच बायोमध्ये ‘आर्य’ लिहून टाकतात. हाच गट आंध्र-तेलंगणातल्या चेंचू या आदिवासी समाजातही सापडतो, हे २००३ मध्येच प्रसिद्ध झालेलं आहे.

मग भारतीयांबद्दल विज्ञान काय म्हणतं?

हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आणि हार्वर्डचे डेव्हिड राईक यांच्या गटांनी मिळून २००९ मध्ये एक मोठा अभ्यास मांडला. भारतातले बहुतेक सगळे समाज दोन जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत, प्रमाण तेवढं कमी-जास्त आहे, असं त्यात दिसलं. २०१३ मधल्या पुढच्या अभ्यासानुसार ही सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी जोरात होती. त्यानंतर ती आटत गेली आणि जातीअंतर्गत लग्नं घट्ट झाली. म्हणजे ‘आम्ही शुद्ध’ हा दावा करणारा कुठल्याही जातीचा असो, त्याच्याकडे मिश्रणच आहे. मिसळणं थांबलं ते नंतर.

२०१९ मध्ये हरियाणातल्या राखीगढीच्या सांगाड्याची बातमी आली, तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे घराघरांत पोहोचले. सिंधू संस्कृतीच्या काळातल्या त्या स्त्रीच्या डीएनएमध्ये मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. एका बाजूने मथळा आला, ‘आर्य बाहेरून आलेच नाहीत’. त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या शोधनिबंधात असा अंश सिंधू संस्कृतीच्या उतरणीनंतर भारतात आल्याचं म्हटलं होतं, आणि दोन्ही निबंधांवर काही शास्त्रज्ञांची नावं सामायिक होती. दोन निष्कर्ष एकमेकांशी भांडत नाहीत. आधीच्या काळात नसलेला अंश नंतर आला, इतकी साधी गोष्ट. पण व्हॉट्सॲपवर प्रत्येकाने आपल्याला हवा तो अर्धा निबंध फॉरवर्ड केला.

जातीअंतर्गत लग्नांचा एक परिणाम मात्र थेट दवाखान्यात भेटतो. आंध्रच्या वैश्य समाजात एका एन्झाइमची कमतरता तुलनेने जास्त आढळते. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी स्नायू शिथिल करणारं एक नेहमीचं औषध दिलं की त्याचा असर नको तितका लांबतो आणि श्वास पूर्ववत व्हायला वेळ लागतो. पूर्वजांची माहिती अशा ठिकाणी उपयोगी पडते. माझ्या मते रंगीत नकाशापेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची आहे.

घरची गोष्ट आणि डीएनए जुळतात तेव्हा

रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायली समाजाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली. भाषा मराठी.

यातले बहुतेक लोक पुढे इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या सुमारास त्यांच्यापुढे वेगळंच संकट उभं राहिलं. लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करावी असा फतवा तिथल्या मुख्य धर्मपीठाने काढला. लोक रस्त्यावर उतरले, धरणी धरली आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत.

डीएनएचा मोठा अभ्यास आला तो २०१६ मध्ये. त्यात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वाटे ठळक दिसले. ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आणि भारतीय वाटा स्त्रियांकडून आल्याचंही दिसलं. सात जोडप्यांची गोष्ट शब्दशः खरी आहे का, हे त्यातून कळत नाही. पण बाहेरून कुणीतरी आलं आणि कोकणातल्या बायकांशी संसार थाटले, एवढं कळतं. त्या बायकांची नावं मात्र ना परंपरेने जपली, ना डीएनए सांगू शकतो.

कागद मोठा की रक्त?

२०१८ मध्ये अमेरिकी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आपल्या घरातली मूलनिवासी पूर्वजाची कहाणी खरी असल्याचं दाखवण्यासाठी डीएनए निकाल जाहीर केला. सहा ते दहा पिढ्यांमागे असा पूर्वज असल्याची चिन्हं त्यात होती. चेरोकी नेशनने लगेच सुनावलं, की आमचं सदस्यत्व डीएनएवर ठरत नाही. ते ठरतं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदवहीत तुमच्या पूर्वजाचं नाव आहे का, यावरून. पुढे वॉरन यांनी माफी मागितली.

आपल्याकडेही वंश सिद्ध करायचा तो कागदावरच. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेपूर्वीचा पुरावा लागतो. शाळा सोडल्याचा आजोबांचा दाखला, गाव नमुना १४, कोतवाल बुक. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातली दप्तरं उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तिथे तुमच्या टेस्टच्या प्रिंटआउटला कुणी विचारत नाही.

कागदही सगळ्यांवर सारखा मेहेरबान नसतो. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेक कृष्णवर्णीयांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली १८७० मध्ये. त्याआधीच्या गुलामांच्या यादीत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. ज्यांचा कागदच हिरावला गेला, त्यांच्यासाठी डीएनए टेस्ट ही करमणूक नसते, ती उरलेली एकमेव वाट असते. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या कुलवृत्तांतांत आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पुरुषांच्या दहा-बारा पिढ्या सलग सापडतील. मुलगी लग्न होऊन गेली की तिची ओळ तिथेच संपते.

पोस्ट करण्याआधी

तुमचा डीएनए तुमच्या एकट्याचा नसतो, ही यातली सर्वांत महत्त्वाची बाब. कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत बलात्कार आणि खून करणारा माणूस २०१८ मध्ये पकडला गेला. त्याने स्वतः कधी टेस्ट केली नव्हती. त्याच्या दूरच्या चुलत भावंडांनी जीईडीमॅच या साइटवर टाकलेल्या माहितीवरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. गुन्हेगार सापडला ते चांगलंच झालं. पण हाच रस्ता दत्तक मुलापर्यंत, लपवलेल्या पितृत्वापर्यंतही जातो, आणि तिथे पोलीस नसतात, फक्त तुमचं घर असतं.

२०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती हॅकर्सनी उघडली. दुसऱ्या साइटवरून फुटलेले तेच ते पासवर्ड लोकांनी इथेही वापरले होते. पण ‘नातेवाईक शोधा’ या सोयीमुळे त्या खात्यांमधून तब्बल ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दीड कोटी ग्राहकांच्या डीएनएचं काय, हा प्रश्न उभा राहिला. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी लोकांना आपला डेटा कसा काढून टाकावा हे जाहीरपणे सांगितलं.

तेव्हा टेस्ट करायचीच असेल तर घरच्यांना आधी विचारा, विशेषतः आईवडिलांना. ‘नातेवाईक शोधा’ हा पर्याय विचार करूनच चालू करा. उरलेला नमुना नष्ट करायला सांगण्याची सोय असते, ती सेटिंग्जमध्ये शोधा. कच्ची डीएनए फाइल दुसऱ्या कुठल्या फुकट साइटवर चढवू नका. स्क्रीनशॉट टाकलात तर त्यातली जुळलेल्या नातेवाइकांची नावं आधी झाका.

आणि किट येईपर्यंतचे आठ-दहा दिवस मोकळे असतील, तर आजीच्या शेजारी मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून बसा. तिच्या आईचं माहेरचं गाव आणि आडनाव विचारा. कुलवृत्तांतात ते बहुधा मिळणार नाही आणि टेस्टमध्ये तर नाहीच.