राहू, सावली आणि सिहोरची शाळा

प्राथमिक शाळेत ग्रहण शिकवताना राहूचे काय करायचे? हिंगोली जिल्ह्यातले सिद्धेश्वर घ्या किंवा दुसरे कोणतेही गाव, हा प्रश्न मुलांबरोबर घरातूनच वर्गात येतो. त्याचे एक उत्तर मला एकोणिसाव्या शतकात सापडते.

भोपाळजवळच्या सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने संस्कृत शाळेत भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणि' (११५०) शिकवण्याचा आग्रह धरला. तिथल्याच सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ लिहिला. पुराणांतली मेरूभोवतीची सपाट पृथ्वी, सिद्धांतांतली गोल पृथ्वी आणि कोपर्निकसची फिरणारी पृथ्वी यांची तुलना त्यात आहे.

या तीन पायऱ्यांच्या क्रमात मला अध्यापनाची जाण दिसते. पृथ्वीला आधार लागत असेल, तर त्या आधाराला आधार कोणाचा, हा सवाल भास्कराचार्यांचाच. ग्रहणाबाबत मात्र त्यांनी समेट केला : चंद्र झाकते ती पृथ्वीची सावली, आणि राहू शिरतो तो त्या सावलीतच. श्रद्धा राखली, गणित मात्र सावलीचेच केले.

पण भास्कराचार्यांची पृथ्वी गोल असली तरी स्थिर होती. म्हणजे परंपरेचे बोट धरून निघालेल्या मुलाला पुढे ते सोडावेच लागते. म्हणून राहूची गोष्ट भाषेच्या तासाला जरूर सांगावी. ग्रहणाचे कारण मात्र मुलांच्या हाती दिवा आणि चेंडू देऊनच शिकवावे, असे मला वाटते.