डिस्क रिकामी, तरी जागा नाही

२०१८च्या आषाढी वारीचे दिवस. माउलींची पालखी निघायची होती, आळंदीतले रस्ते बंद होते आणि मी घरात अडकलो होतो. चाकणच्या एका कारखान्यातल्या संगणक-खोलीची देखभाल तेव्हा माझ्याकडे होती. गाडी भिंतीवर आदळली तर पत्रा कसा चेपेल, असली गणितं तिथं लिनक्सच्या यंत्रांवर रात्रंदिवस चालत. पहाटे रात्रपाळीच्या पोराचा फोन आला.

"सर, एका नोडवर नवीन जॉब सुरूच होत नाही. जागा शिल्लक नाही म्हणतोय. पण डिस्क तर अर्धी रिकामी आहे!"

पोरगा कंत्राटी होता, कंत्राट त्याच आठवड्यात संपत होतं. साहेबांनी तोवर निकाल देऊन टाकला होता, की यानेच फालतू फायली भरून ठेवल्या असणार.

जागा नाही ती नेमकी कशाला, हे समजायला २००४ पर्यंत मागं जावं लागतं. तेव्हा एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांचे जॉब चालवताना कोणाला कोणते प्रोसेसर द्यायचे, हा प्रश्न होता. फ्रान्सच्या बुल कंपनीतले सिमॉन डेर आणि अमेरिकेच्या सिलिकॉन ग्राफिक्समधले पॉल जॅक्सन यांनी त्यावर 'सीपीयूसेट' काढलं. २००५ मध्ये ते लिनक्सच्या २.६.१२ आवृत्तीत आलं. प्रत्येक वाटणीसाठी एक डिरेक्टरी करायची आणि जॉबच्या प्रोसेस तिच्यात नोंदवायच्या. जॉब संपला की प्रोसेस जातात, डिरेक्टरी मात्र तशीच राहते. कर्नल ती आपणहून काढत नाही. शेवटची प्रोसेस बाहेर पडली की एक ठरलेला प्रोग्रॅम चालवायचा आणि त्यानं डिरेक्टरी काढायची, अशी सोय करून ठेवली होती. म्हणजे मागं काहीतरी उरणार, हे करणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

(बुल पुढं २०१४ मध्ये आटोसनं घेतली. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून २०१९ मध्ये पाषाणच्या आयसरमध्ये बसलेला 'परम ब्रह्म' त्याच घराण्यातला.)

२००६ मध्ये गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी ही कल्पना फक्त प्रोसेसरपुरती न ठेवता सगळ्याच साधनांना लावायला घेतली. आधी नाव होतं 'कंटेनर'. गोंधळ होतो म्हणून ते 'कंट्रोल ग्रुप', म्हणजे सीग्रूप झालं आणि जानेवारी २००८च्या २.६.२४ मध्ये दाखल झालं. दोनच महिने आधी पुण्यातला टाटांचा 'एका' जगात चौथा आला होता. आमच्या पिढीला ती बातमी पाठ आहे. सीग्रूपची खबर मात्र तेव्हा कोणालाच नव्हती, मलाही नव्हती.

त्याच वर्षी पुढच्या आवृत्तीत मेमरीवरही मर्यादा घालता येऊ लागली. आयबीएमचे बलबीर सिंग यांचं त्यात मोठं काम. पण इथं उरलेल्या बाकीचं रूपच बदललं. आळंदीची धर्मशाळा डोळ्यासमोर आणा. वारकरी गेला, खोली झाडली, कुलूप लावलं, पण त्याची वळकटी कोठीत राहिली म्हणून मुनीमजी वहीतला खोली नंबर मोकळा करत नाहीत. जॉबनं वाचलेल्या फायलींची पानं मेमरीत राहतात आणि त्या जॉबच्या खात्यावरच मांडलेली असतात. डिरेक्टरी काढली तरी शेवटचं पान सुटेपर्यंत खातं मरत नाही आणि त्याचा नंबरही सुटत नाही. नंबर किती? फक्त ६५,५३५. ते संपले की नवीन खातं उघडायला 'जागा नाही'. डिस्कशी त्याचा काडीचा संबंध नाही. सेंटओएस ७च्या ३.१० कर्नलमध्ये तर कर्नलच्या स्वतःच्या मेमरीचा हिशेब चालू ठेवला की काही खाती सुटतच नसत.

बाकी हा शब्द अरबी, फारसीतून आपल्या दफ्तरात आला. त्याच घरातला 'बेबाक', म्हणजे पूर्ण फेडलेलं. मोडी कागदांतल्या कारकुनांना दोन्ही शब्द लागत. आपण पहिला ठेवला, दुसरा विसरत चाललो.

मी घरूनच नोडवर शिरलो. सीग्रूपच्या झाडात डिरेक्टऱ्या मोजल्या, चाळीससुद्धा नव्हत्या. मग कर्नलची यादी उघडली. तिच्यात मेमरीच्या ओळीतल्या तिसऱ्या रकान्यातला आकडा ६५ हजारांच्या वर! एक अभियंता मोठं काम हजारो छोट्या जॉबमध्ये तोडून टाकत असे, त्या प्रत्येकाचं खातं वर गेलं होतं. कॅशे रिकामी करून पाहिली, आकडा थोडा उतरला आणि थांबला. आता रीबूटच.

साहेब म्हणाले, "लगेच करा." पण त्या नोडवर आधीपासून एक जॉब चालू होता, तीस तासांहून जुना. रीबूट केला असता तर त्या माणसाची सगळी मेहनत पाण्यात. स्लर्ममध्ये नोड 'ड्रेन'ला टाकला. त्यानं नवीन जॉब येत नाहीत, चालू असलेला पुरा होतो. फोनवरचा आवाज चढला, मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जॉब संपला, मग यंत्र बंद करून चालू केलं. आकडा साठच्या आसपास आला.

मुख्य कर्नलमध्ये हा दोष २०१६ मध्येच योहानेस वायनर यांनी दुरुस्त केला होता. नंबर खात्यापासून वेगळा केला, म्हणजे वळकटी राहिली तरी खोली दुसऱ्याला देता येते. छोटे छोटे जॉब खूप झाले की नवीन ग्रूप बनत नाही, हीच तक्रार त्या दुरुस्तीच्या शीर्षकात आहे. आमचं यंत्र त्याहून जुन्या कर्नलवर. म्हणून स्लर्मच्या सेटिंगमध्ये कर्नल मेमरीवर मर्यादा घालणारी ओळ 'नाही' करून ठेवली.

रात्री साहेबांना मेल लिहिला. त्यात डिस्कचा आकडा, खात्यांचा आकडा आणि पोराचं नाव घालून एक ओळ, की हे त्यानं केलेलं नाही, उलट पहिल्यांदा त्यानंच पकडलं. उत्तर आलं नाही. कंत्राट मात्र सहा महिन्यांनी वाढलं. पुढच्या आठवड्यापासून तो रोज पहाटे सगळ्या नोडचा तो तिसऱ्या रकान्यातला आकडा वहीत उतरवू लागला, मी सांगितलं नव्हतं तरी.